फिक्स की ऑटो? चोवीस पोर्टांवरून मामा-भाचीचा वाद

नेटवर्क स्विचच्या सेटिंगवरून घरात वाद होऊ शकतो, हे सहसा कुणाला खरं वाटणार नाही. पण मामाची हयात केबल ओढण्यात आणि रॅक उभे करण्यात गेली असेल, आणि भाची हिंजवडीत डेटा सेंटरचं नेटवर्क सांभाळत असेल, तर होतो. सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेच्या नव्या शाखेचं काम मामाकडे होतं. चोवीस पोर्टांचा नवाकोरा गिगाबिट स्विच रॅकमध्ये चढला होता, कॉन्फिग लॅपटॉपवर तयार होतं, आणि सुट्टीला आलेल्या भाचीने ते सहज म्हणून वाचायला घेतलं. पहिल्या पोर्टाखाली दोन ओळी होत्या: स्पीड १००, डुप्लेक्स फुल. दुसऱ्याखाली त्याच. तिसऱ्याखाली त्याच. तेविसाव्या पोर्टापर्यंत त्याच.

"मामा, सगळे पोर्ट फिक्स केलेस?"

"मग काय, ऑटोवर सोडून घरी जाऊन झोपू?"

प्रत्येक पोर्टापुरत्या दोन गोष्टी ठरवाव्या लागतात. पहिली वेग: सेकंदाला १० मेगाबिट, १००, की १०००. दुसरी डुप्लेक्स. फुल असेल तर दोन्ही टोकं एकाच वेळी पाठवतात आणि घेतात. हाफ असेल तर एका वेळी एकानेच पाठवायचं; दोघांनी एकदम पाठवलं तर टक्कर झाली असं समजून दोघांनीही थांबायचं, थोडा वेळ जाऊ द्यायचा आणि पुन्हा प्रयत्न करायचा. हे निर्णय माणसाने लिहून दिले की पोर्ट 'फिक्स' झाला. दोन्ही टोकांनी आपापसात ठरवले की तो 'ऑटो'.

मामाचा ऑटोवरचा राग ऐकीव नाही. १०० मेगाबिटचं इथरनेट १९९५ साली '८०२.३यू' या मानकातून आलं आणि त्यासोबतच ऑटो-निगोशिएशन आलं. त्याचा पाया नॅशनल सेमिकंडक्टर या कंपनीच्या 'एनवे' तंत्राचा होता. पण मानकातल्या काही कलमांचा अर्थ दोन प्रकारे लावता येत होता. ती संदिग्धता १९९८च्या सुधारणेत दूर झाली. तोवर बाजारात आलेल्या कार्डांनी आणि स्विचांनी आपापला अर्थ लावून घेतला होता. एका कंपनीचं कार्ड दुसऱ्या कंपनीच्या स्विचला लावलं की एक म्हणायचा फुल, दुसरा म्हणायचा हाफ. सर्व्हरचा पोर्ट दोन्हीकडे फिक्स करा, असा सल्ला तेव्हा अनुभवी मंडळी सर्रास देत.

"साखर कारखान्याचं काम होतं," मामा सांगू लागला. "गळीत हंगाम जोरात. काट्यावर ट्रॅक्टरची रांग पार रस्त्यापर्यंत गेलेली. काट्यावरचा संगणक आणि ऑफिसातला सर्व्हर यांच्यातली लिंक सारखी पडायची. कार्ड बदललं, केबल बदलली, स्विचचा पोर्ट बदलला. काही फरक नाही. शेवटी दोन्हीकडे १०० फुल फिक्स केलं आणि लिंक जी उभी राहिली ती हंगाम संपेपर्यंत. त्या दिवसापासून ऑटोला लांबूनच नमस्कार."

"तेव्हा तू केलंस ते बरोबरच होतं," भाची म्हणाली. "पण ती कार्डं कधीच भंगारात गेली. त्यांच्यावरचा इलाज मात्र तू आजच्या स्विचवर करतोयस."

ऑटो म्हणजे नेमकं काय होतं, हे तिने कागदावर रेघा मारून दाखवलं. केबल लावली की अजून एकही फ्रेम गेलेली नसताना दोन्ही टोकं छोट्या विद्युत स्पंदांचे झुपके पाठवू लागतात. दर १६ मिलिसेकंदांनी एक झुपका, साधारण दोन मिलिसेकंद लांबीचा. त्यात १७ स्पंद घड्याळाचे आणि त्यांच्यामधल्या जागांत १६ बिट माहितीचे. मला १० जमतं, १०० जमतं, फुल जमतं, पॉज जमतं, असा तो मजकूर. समोरच्याने तोच मजकूर लागोपाठ तीनदा सारखाच ऐकला तरच तो खरा धरायचा, मग पोच द्यायची. दोघांच्या याद्यांत जे समान असेल त्यातलं सर्वांत वरचं घ्यायचं. ही क्रमवारी मानकातच लिहिलेली आहे, त्यामुळे पुन्हा विचारायची गरज पडत नाही.

"आणि समोरचा बोललाच नाही तर?" मामाने विचारलं. उत्तर त्याला ठाऊक होतं. तिला ठाऊक आहे का हे त्याला बघायचं होतं.

"तिथेच तुझ्या दोन ओळी घात करतात," ती म्हणाली.

स्पीड आणि डुप्लेक्स दोन्ही फिक्स केले की स्विच हे झुपके पाठवणं थांबवतो. पलीकडचा संगणक ऑटोवर असेल तर त्याला फक्त तारेवरचा सिग्नल दिसतो. तो १०चा की १००चा, हे त्याच्या रूपावरून ओळखता येतं. डुप्लेक्स मात्र सिग्नलवर कुठेच दिसत नाही. अशा वेळी मानक सांगतं की हाफ धरा. कारण न बोलणारा समोरचा बहुधा जुना हब असणार आणि हबला हाफच लागतं. म्हणजे १०० फुल फिक्स केलेल्या पोर्टाला ऑटोवरचा संगणक लावला की एका टोकाला फुल, दुसऱ्या टोकाला हाफ. दोन्हीकडे हिरवा दिवा. दोन्ही यंत्रं मानकाप्रमाणे अगदी बरोबर वागतायत.

भाचीने आपला लॅपटॉप सात नंबरच्या पोर्टाला लावला. पिंग मारलं. उत्तरं धडाधड आली, एकही गळालं नाही.

"बघ, काय बिघडलंय?" मामा म्हणाला.

तिने सर्व्हरवरून एक मोठी फाइल ओढायला घेतली. १००च्या पोर्टावर सेकंदाला अकरा-बारा मेगाबाइट यायला हवे होते. आकडा वर गेला, कोसळला, पुन्हा थोडा उठला आणि काही शे किलोबाइटवर घुटमळत राहिला. तिने स्विचवर पोर्टाचे मोजमापाचे आकडे काढले. सीआरसीच्या चुका वाढत होत्या, रंट्स वाढत होते, म्हणजे अर्धवट तुटलेल्या फ्रेम्स. दर वेळी आदेश दिला की आकडा पुढे सरकलेला.

कारण सरळ आहे. हाफच्या टोकाची समजूत अशी की, टक्कर व्हायची तर ती फ्रेमच्या पहिल्या ६४ बाइटांतच होईल. फुलचं टोक कुणाचं ऐकण्यासाठी थांबतच नाही, मनात येईल तेव्हा पाठवतं. मग हाफच्या टोकाची अर्धी फ्रेम गेलेली असताना मध्येच सिग्नल येतो. याला 'लेट कोलिजन' म्हणतात. ती फ्रेम तिथेच टाकून दिली जाते आणि कार्ड ती सहसा पुन्हा पाठवत नाही. हरवल्याचं वरच्या टीसीपीला उशिरा कळतं, ते वाट पाहतं, पुन्हा पाठवतं आणि आपला वेग कमी करतं. पिंगचं पाकीट लहान, एका वेळी एक. जाऊन परत येतं, दुसरं कुणी मध्ये नसतं. म्हणून पिंग पास होतं आणि 'नेट स्लो आहे' ही तक्रार तशीच राहते. सिस्कोचे दोन स्विच एकमेकांना जोडलेले असतील तर शेजारच्या स्विचशी बोलणारं त्यांचं सीडीपी निदान 'डुप्लेक्स मिसमॅच' अशी ओळ लॉगमध्ये टाकतं. समोर साधा पीसी असेल तर तेवढीही सूचना मिळत नाही.

मामा हरला नव्हता. "हा दोष फिक्स करण्याचा नाही, एकाच बाजूला फिक्स करण्याचा आहे. मी दोन्ही टोकं बांधतो. पीसीच्या कार्डात जाऊन तिथेही १०० फुल टाकतो. तुझा लॅपटॉप ऑटोवर होता म्हणून हे झालं."

"बरोबर. आणि पुढच्या वर्षी कॅशियरचा पीसी बदलला की? विंडोज नव्याने टाकली की ड्रायव्हर परत ऑटोवर. हार्डवेअरवाला पोरगा येणार, पीसी लावणार, ब्राउझर उघडून बघणार, पैसे घेऊन जाणार. ॲडव्हान्स्डच्या टॅबमधलं 'स्पीड अँड डुप्लेक्स' तो उघडून बघेल?"

मामाने मान हलवली. त्या पोराला तो चांगला ओळखत होता. फिक्स केलेलं सेटिंग दोन ठिकाणी राहतं आणि दोन्ही ठिकाणी एकसारखं राहिलं तरच कामाचं. त्यातलं एक ठिकाण स्विचमध्ये, कुलूपबंद रॅकमध्ये. दुसरं टेबलाखालच्या पीसीत, ज्याला वर्षभरात कितीतरी हात लागणार.

"बरं, दोन्ही टोकं बरोबर राहिली असं धर," तो म्हणाला. "पतसंस्थेच्या स्क्रीनला १०० पुरून उरतं. गिगाबिट घेऊन करायचंय काय?"

"रात्रीचा बॅकअप. कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग बाहेर काढायचं असेल तेव्हा. आणि संस्थेने गिगाबिटच्या स्विचचे पैसे मोजलेत."

"मग स्पीड १००० फिक्स करू."

"करून बघ. ऑटो बंदच होणार नाही."

तांब्याच्या तारेवरचं गिगाबिट १९९९ साली '८०२.३एबी' मधून आलं आणि त्यात ऑटो ऐच्छिक ठेवलेलंच नाही. १०० मेगाबिटला केबलमधल्या चारपैकी दोनच जोड्या लागतात. गिगाबिट चारही वापरतं. प्रत्येक जोडीवर २५० मेगाबिट, आणि तेही एकाच जोडीवर दोन्ही दिशांनी एकदम. आपणच पाठवलेल्या सिग्नलचा प्रतिध्वनी वजा करून समोरच्याचा वेगळा काढायचा, तर दोन्ही टोकांचं घड्याळ एक हवं. म्हणून एक टोक मास्टर होतं आणि दुसरं त्याच्या घड्याळावर चालतं. कोण मास्टर, हे ऑटोतच ठरतं. बहुतेक उपकरणांत स्पीड १००० लिहिलं तरी आतून वाटाघाट चालूच राहते, फक्त यादीत गिगाबिट सोडून दुसरं काही ठेवलेलं नसतं. २००२च्या दहा गिगाबिटच्या मानकातून तर हाफ डुप्लेक्सच काढून टाकलं. ज्या टकरीपासून वाचण्यासाठी मामाची पिढी 'फुल' लिहीत आली, ती टक्करच तिथे संभवत नाही.

यावर मामाने आपला खरा हुकमी पत्ता टाकला.

"चार जोड्या लागतात म्हणालीस ना? या जिल्ह्यात मी हजारो पॉइंट मारलेत. त्यातल्या कितींच्या चारही जोड्या शाबूत असतील? एका केबलवर दोन संगणक चालवलेत आम्ही. नारिंगी-हिरवी एकाला, निळी-तपकिरी दुसऱ्याला. शंभरला दोन जोड्या पुरायच्या, पतसंस्थेचे केबलचे पैसे वाचायचे. अशा पॉइंटवर तुझं ऑटो काय करतं, सांग."

तिला सांगावं लागलं. वाटाघाटीचे झुपके नारिंगी आणि हिरव्या जोडीवरूनच जातात, त्यामुळे दोन्ही टोकं खुशाल गिगाबिट ठरवतात. मग चारही जोड्यांवर काम सुरू करायला जातात आणि निळी-तपकिरी जागेवर नसते. लिंक उठत नाही, किंवा उठते-पडते. काही चिपांना शहाणपण असतं. दोन-चार प्रयत्न फसले की त्या स्वतःहून १००वर उतरतात.

"आणि कुणाला सांगतात का की आम्ही उतरलो?"

"नाही."

"तेच म्हणतोय मी. माझं फिक्स चुकलं की बोंब होते, कुणीतरी मला फोन करतं. तुझं ऑटो चुपचाप खालच्या पायरीवर जाऊन बसतं, आणि वर्षभर कुणाला पत्ता नाही की हजारच्या जागी शंभरच चाललंय."

मुद्दा खरा होता, आणि भाचीने तो उडवून लावला नाही. तिने स्विचवर सगळ्या पोर्टांची स्थिती दाखवणारा तक्ता काढला. सिस्कोच्या स्विचवर त्यात एक बारीकशी खूण असते. पोर्टाने वेग स्वतः ठरवला असेल तर आकड्याच्या आधी 'ए' लागतो: 'ए-फुल', 'ए-१०००'. माणसाने फिक्स केला असेल तर नुसतं 'फुल', नुसतं '१००'. "मी कामावर काय करते सांगू? एक स्क्रिप्ट रोज रात्री हा तक्ता वाचते. जिथे ए-१००० हवं तिथे ए-१०० दिसलं की सकाळी माझ्या नावाने तिकीट. त्यातली बरीचशी तिकिटं खराब पॅच कॉर्डची निघतात. ऑटो ठेवायचं तर लक्षही ठेवायला हवं, हे मान्य. पण तुझ्या फिक्समध्ये तो पॉइंट खराब आहे हे कळलंच नसतं. शंभरला दोनच जोड्या लागतात, दोन चांगल्या होत्या, सगळं ठीक दिसलं असतं."

"आणि रोज रात्री इथे कोण वाचणार?"

"महिन्यातून एकदा तू वाच. पाच मिनिटांचं काम आहे."

मग दोघांनी मिळून पोर्ट एकेक करून घेतले. हजेरीचं बायोमेट्रिक यंत्र जुनं, १०च्या पुढे न जाणारं, ऑटोचे झुपके न पाठवणारं. तिथे मामाला वाटत होतं की फिक्स करावंच लागेल. पण स्विच ऑटोवर ठेवला की तो सिग्नलवरून १० ओळखतो, हाफ धरतो, आणि ते यंत्रही हाफच असतं. दोन्ही टोकं जुळतात. वरच्या मजल्यावरच्या छोट्या स्विचकडे जाणारी केबल सरळ होती, क्रॉस नव्हती. सरळ केबलवर आतल्या आत पाठवण्याच्या आणि घेण्याच्या जोड्या अदलाबदल करून घेणारी सोय कित्येक स्विचांत स्पीड-डुप्लेक्स ऑटोवर असेल तरच नीट चालते. मामाच्या पिशवीत अजूनही क्रॉस केबलचं एक भेंडोळं असतं, त्याचं एक कारण हेही आहे.

तेवीस नंबरचा पोर्ट लीज्ड लाइनचा. फायबर भिंतीपर्यंत येतं, तिथे मीडिया कन्व्हर्टर, तिथून तांब्याची केबल. लाइन देणाऱ्या कंपनीचं पत्र स्पष्ट होतं: आमच्या बाजूला १०० फुल फिक्स आहे, तुम्हीही तेच ठेवा. इथे भाचीने विनातक्रार दोन ओळी तशाच ठेवल्या. दोन्ही टोकांचं लेखी ठरलेलं असेल आणि पलीकडचं टोक आपल्या ताब्यात नसेल, तर फिक्सला फिक्सच उत्तर. एखाद्या पोर्टाला गिगाबिट द्यायचंच नसेल, तर तिने आणखी एक वाट दाखवली: 'स्पीड ऑटो १० १००'. वाटाघाट चालू राहते, फक्त यादीतून हजार वगळलेलं असतं. मामाला ही ओळ नवीन होती. त्याने ती वहीत उतरवून घेतली.

चोविसाव्या पोर्टावर आल्यावर मात्र दोघांच्या जागा बदलल्या.

तो पोर्ट वरच्या मजल्याला जाणारा ट्रंक, म्हणजे एकाच तारेवरून अनेक व्हीलॅन, वेगवेगळी ठेवलेली जाळी, नेणारा. त्यावरून तीन व्हीलॅन जायच्या होत्या: काउंटरच्या संगणकांची, कॅमेऱ्यांची आणि ग्राहकांच्या वायफायची. मामाने तिथे काहीच लिहिलं नव्हतं. "स्विचला कळतं. समोरच्याने ट्रंक मागितला की देतो." रिकाम्या सहा पोर्टांवरही व्हीलॅनचं काही लिहिलेलं नव्हतं. ते चालू होते आणि एक नंबरच्या व्हीलॅनमध्ये होते, कारखान्यातून आले तसे.

"हे नाही चालणार," भाची म्हणाली. "प्रत्येक पोर्टावर लिहायचं. हा ॲक्सेस, हा ट्रंक, आणि 'नॉननिगोशिएट'. ट्रंकवर परवानगी तीनच व्हीलॅनना. रिकामे सगळे शटडाउन."

मामा खुर्चीत मागे रेलला. "वा! मघाशी ऑटो, ऑटो करून माझं डोकं खाल्लंस. आता?"

सिस्कोच्या अनेक स्विचांवर पोर्ट मुळात 'डायनॅमिक ऑटो' असतो, म्हणजे समोरून ट्रंकची मागणी आली की होकार देतो. मागणी करणारा दुसरा स्विचच असेल असं काही नाही. योग्य सॉफ्टवेअर घातलेला लॅपटॉपही तेच शब्द तारेवर बोलू शकतो. प्रतीक्षागृहातल्या भिंतीवरच्या रिकाम्या पॉइंटला कुणी असा लॅपटॉप लावला, तर त्याला काउंटरचं आणि कॅमेऱ्यांचं जाळं एकाच तारेवर मिळतं.

"वेग काय झेपेल, हे तारेला आणि दोन चिपांना माहीत असतं; तुला आणि मला अंदाजच करावा लागतो," ती म्हणाली. "म्हणून ते त्यांना ठरवू द्यायचं. या पोर्टावर कुणाला येऊ द्यायचं, हे मात्र कुठल्याच चिपेला माहीत नसतं. ते संस्थेला माहीत, तुला माहीत. तू लिहिलं नाहीस तर स्विच समोरच्यालाच विचारणार, आणि समोरचा स्वतःच्या सोयीचं उत्तर देणार."

मामाला हे पटलं, पण स्पॅनिंग ट्रीच्या पुढच्या ओळीवर तो अडून बसला. स्पॅनिंग ट्री हे तंत्र रेडिया पर्लमन यांनी १९८५ साली डीईसी या कंपनीत असताना उभं केलं. जाळ्यात कुठे वर्तुळ तयार झालं तर ते ओळखून एक वाट बंद ठेवायची, हे त्याचं काम. त्यासाठी नवा पोर्ट उठल्यावर मूळ पद्धतीत १५ सेकंद नुसता ऐकतो, १५ सेकंद शिकतो, मग फ्रेम्स सोडतो. सकाळी पीसी चालू केला की कधीकधी आयपी मिळत नाही आणि १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता दिसतो, त्यामागे बऱ्याचदा ही तीस सेकंदं असतात. म्हणून टोकाच्या पोर्टांवर 'पोर्टफास्ट' टाकतात, आणि ते मामाने अशा सगळ्या पोर्टांवर टाकलं होतं. भाचीने त्याखाली 'बीपीडीयू गार्ड' जोडलं. अशा पोर्टावर स्पॅनिंग ट्रीचा संदेश आला, म्हणजे तिथे कुणी स्विच लावला किंवा वर्तुळ केलं, तर पोर्ट तात्काळ बंद.

"म्हणजे कुणीतरी टेबलाखालच्या पाच पोर्टांच्या डबड्यात मोकळी दिसलेली वायर परत त्याच डबड्यात खोचणार," मामा म्हणाला, "आणि कॅश काउंटर बंद. मग मी गाडी काढून इथे यायचं. साध्या डबड्याला वर्षानुवर्षं काही होत नाही."

"होत नाही तोवर होत नाही. वायर खोचल्यावर तोच संदेश फिरून आपल्या स्विचकडे परत येतो, म्हणून तर गार्डला कळतं. गार्ड नसता तर एका काउंटरऐवजी आख्खी शाखा झोपली असती."

अशा झोपण्याचं गाजलेलं उदाहरण बॉस्टनच्या बेथ इस्रायल डिकॉनेस या रुग्णालयाचं आहे. नोव्हेंबर २००२ मध्ये तिथलं जाळं स्पॅनिंग ट्रीच्या गोंधळात सापडलं, काही दिवस उठत-पडत राहिलं, आणि आधुनिक संगणकीकरणासाठी नावाजलेल्या त्या संस्थेला कागदी नोंदींवर परतावं लागलं. वर्तुळाचा फटका जिथे वर्तुळ झालं तिथेच थांबत नाही, हे त्या घटनेने साऱ्या धंद्याला दाखवलं. मामाच्या गाडीखर्चावरही तोडगा निघाला. बंद पडलेला पोर्ट ठरावीक वेळाने आपोआप उठवायची सोय असते. तिची मूळ मुदत ३०० सेकंद. वायर काढली असेल तर पोर्ट उठून चालू राहील, नसेल तर पुन्हा बंद.

आदेश प्रत्यक्ष टाकायची वेळ आली तेव्हा मामाचा अनुभव कामी आला. ट्रंकवर परवानगीच्या यादीत वायफायची व्हीलॅन वाढवायची होती. भाची घाईत टाइप करत असताना त्याने बोट ठेवलं. "ॲड." हा एक शब्द राहिला तर नवी व्हीलॅन जुन्या यादीत मिळवली जात नाही, जुनी यादीच पुसली जाते. दूरच्या शाखेवर काम करत असताना असं झालं की आपणच ज्या व्हीलॅनवरून आत आलो ती जाते, आणि मग स्विचपर्यंत पोचायला रस्ताच राहत नाही. म्हणून तो कुठलाही धोक्याचा बदल करण्याआधी 'रिलोड इन १०' टाकतो. दहा मिनिटांत त्याने तो रद्द केला नाही तर स्विच स्वतःहून बंद होऊन जुन्या, सेव्ह केलेल्या कॉन्फिगवर उठतो. जुनिपरच्या स्विचांत हीच कल्पना 'कमिट कन्फर्म्ड' या नावाने आतच बांधलेली आहे, असं भाचीने सांगितलं. तिथेही मूळ मुदत दहाच मिनिटांची.

"तुझी स्क्रिप्ट चारशे स्विचांवर एकदम जाते ना?" मामाने विचारलं. "त्यात ॲड राहिलं तर?"

"तर चारशे ठिकाणी राहील. म्हणून आधी एकावर टाकतो, थांबतो, तक्ता वाचतो, मग दहावर."

"माझं एकावरच असतं," मामा म्हणाला. त्यात थोडा टोमणा होता, थोडं समाधानही.

मामाकडे एक लांबट वही आहे. कुठल्या पोर्टाला कुठलं टेबल, केबलवर कुठला टॅग, पॅच पॅनेलवर कुठला नंबर, सगळं हाताने लिहिलेलं. खोडलेलं असेल तर तारखेसह खोडलेलं. भाची ती वही बराच वेळ उलटत राहिली. तिच्या कंपनीतल्या नोंदी यापेक्षा नेटक्या नव्हत्या. पण स्विचमध्ये प्रत्येक पोर्टाचं वर्णन लिहायची जागा असते आणि ती चोवीसच्या चोवीस ठिकाणी रिकामी होती. रात्री नऊला फोन आला आणि वही घरी नसली तर? मामा वाचत गेला, ती टाइप करत गेली: कॅश काउंटर १, कॅश काउंटर २, पासबुक प्रिंटर, तिजोरी कॅमेरा.

तिजोरी कॅमेऱ्यापाशी मामा थांबला. हे कॅमेरे केबलमधूनच वीज घेणारे. २००३च्या मानकाप्रमाणे स्विच एका पोर्टातून १५.४ वॉटपर्यंत वीज देतो. देण्याआधी थोडासा दाब टाकून बघतो. पलीकडे सुमारे २५ किलोओहमचा रोध दिसला तरच हे वीज घेणारं उपकरण आहे असं मानतो, आणि मग त्याचा वर्ग विचारतो. वर्ग न सांगणाऱ्याला पूर्ण १५.४ वॉट राखून ठेवतो. या शाखेत सात कॅमेरे, चार फोन आणि वायफायचे दोन डबे, एकूण तेरा. स्विचची एकूण मर्यादा १९५ वॉट. तेराही जणांनी वर्ग सांगितला नाही तर हिशेब २०० वॉटच्या वर जातो. बारा बसतात, तेरावा बाहेर.

"हे ऑटोवरच असतं, आणि तेच बरोबर," भाची म्हणाली. "कुणाला किती लागते हे उपकरणच सांगतं."

"किती लागते ते सांगतं," मामा म्हणाला. "पुरत नसेल तर कुणाची तोडायची, ते सांगतं का? लाइट जाऊन आली की जो आधी उठेल तो घेईल. आणि तिजोरीचा कॅमेरा बाहेर राहिला तर? हे तुझ्या चिपेला माहीत नसतं ना? मग लिही."

तिचाच नियम तिच्याच अंगावर आला होता. तिने मुकाट्याने तिजोरी कॅमेऱ्याला सर्वांत वरचं प्राधान्य दिलं. त्यानंतर कोण, हे दोघांनाही सांगता येईना. कॅश काउंटरवरचा कॅमेरा असावा असं तिला वाटत होतं, मुख्य दारावरचा असावा असं त्याला. शेवटी मामाने शाखाधिकाऱ्यांना फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"दोन नंबरला चेअरमनसाहेबांच्या केबिनमधला फोन ठेवा," शाखाधिकारी म्हणाले. "कॅमेरा बंद पडला तर मी दुसऱ्या दिवशी बघीन. तो फोन बंद पडला तर मला त्याच दिवशी ऐकून घ्यावं लागतं."

भाचीने वर्णनात 'चेअरमन केबिन' लिहिलं आणि प्राधान्य खालचंच राहू दिलं. मामाने ते वाचलं आणि तिला वरचं करायला लावलं.